पॅरिसची काळी पाच

नागपूरच्या गाण्याच्या क्लासात, भजनी मंडळात किंवा नाटकाच्या तालमीत वाजणारी पेटी मूळची पॅरिसची आहे. आलेक्सांद्र दबँ नावाच्या कारागिराने १८४० च्या सुमारास तिथे हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पुढे कलकत्त्यात ती हाताच्या भात्याची झाली, बैठकीत आली, आणि मराठी संगीत रंगभूमीने तिला इतकं आपलंसं केलं की तिचं मूळ गाव कोणाच्या ध्यानातही राहिलं नाही. त्याच पॅरिसमध्ये साधारण १८९० ते १९४० या अर्धशतकात युरोपीय संगीताने एक मोठं वळण घेतलं. क्लोद देब्यूसी, मोरिस रावेल, एरिक साती, गाब्रिएल फोरे, आल्बेर रूसेल, लिली बूलांजे ही त्या काळातली नावं. त्यांतलं आपल्यापर्यंत पोचलं ते फार थोडं: रावेलचं ‘बोलेरो’, देब्यूसीचं ‘क्लेर द ल्यून’, सातीची पहिली ‘जिम्नोपेदी’. तेही बहुधा जाहिरातीतून नाहीतर सिनेमातून.

रागसंगीत, नाट्यगीत आणि भावगीत ऐकत वाढलेल्या माणसाने या संगीतात कुठून शिरावं आणि त्यातली आपली आवड कशी ओळखावी, या प्रश्नाचा हा आढावा आहे. पाश्चात्त्य संगीताशी आपली ओळख होते ती बाख, मोझार्ट, बेथोवन अशा पायऱ्यांनी, आणि फ्रेंच आधुनिकांची पाळी येईपर्यंत पुष्कळांचा उत्साह संपलेला असतो. जाणकार सांगतात, आधी हार्मनी समजून घ्या. आपल्यासाठी हा क्रम मला उलटा वाटतो. बेथोवनचं संगीत एका आधारस्वराकडून दुसऱ्याकडे सतत चाललेलं असतं. आपल्या कानाला षड्ज सापडेपर्यंत तो बदललेलाही असतो. देब्यूसी आणि त्याच्या काळातले फ्रेंच लोक मात्र थांबतात. एका स्वरावर, मोजक्या स्वरांच्या एखाद्या मांडणीवर ते रेंगाळतात. हे रेंगाळणं आपल्याला शिकवावं लागत नाही. डॉ. वसंतराव देशपांडे यांच्या गाण्यात पुढची जागा कुठे निघेल याची वाट पाहत बसण्याची सवय ज्या शहराला आहे, त्याला तर नाहीच नाही. वसंतराव नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले आणि शहराचं मोठं सभागृह आज त्यांच्या नावाने उभं आहे.

आता शीर्षकातल्या काळी पाच या पेटीच्या पट्टीबद्दल. देब्यूसीच्या पियानो-प्रेल्यूडांचा पहिला भाग १९१० साली निघाला. त्यातलं दुसरं ‘व्वाल’, म्हणजे शिडं. या रचनेचा बहुतेक भाग सहा सारख्या अंतरावरच्या स्वरांत आहे. सा, रे, ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी: पंचम नाही, शुद्ध मध्यम नाही. तानपुऱ्याच्या संगतीत वाढलेला कान इथे पहिल्यांदा बावरतो, कारण पंचम गेला की षड्जाचा निम्मा आधार जातो. पण खाली कान द्यावा. डाव्या हाताला, खर्जात, एकच स्वर जवळपास सगळी रचनाभर वाजत राहतो. तो स्वर काळी पाच. वरचे स्वर अधांतरी तरंगतात आणि खालून कोणीतरी षड्ज धरून बसलेलं आहे. मध्येच थोडा वेळ सगळं काळ्या पट्ट्यांवर जातं, पाच स्वरांच्या खेळात, तेव्हाही तो खर्ज सुटत नाही. पाश्चात्त्य विद्यार्थ्याला या रचनेत ‘आधार हरवलेला’ वाटतो असं पुष्कळदा लिहिलं जातं. आपल्या कानाला आधार आहेच, फक्त त्याचे नेहमीचे सोबती नाहीत.

रावेलच्या ‘गास्पार द ला न्वी’ (१९०८) मधला दुसरा भाग ‘ल जिबे’ याच्याही मध्यभागी काळी पाच आहे. फाशी दिलेल्या माणसाचं चित्र, आणि दूरवर वाजणारी घंटा. ती घंटा म्हणजे हाच एक स्वर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच अंगाने वाजणारा. वरचे स्वरसमूह कितीही गडद झाले तरी तो हलत नाही. हे दोन तुकडे लागोपाठ ऐकावेत. एकाच स्वराचा धरलेला आधार एका ठिकाणी शिडांसारखा मोकळा वाटतो आणि दुसऱ्या ठिकाणी जीव घुसमटवतो. देब्यूसी आवडतो की रावेल, याचं उत्तर बहुतेकांना या दोहोंतच मिळून जातं.

भूपाची सावली शोधणाऱ्यांसाठी देब्यूसीकडे पुष्कळ आहे. १८८९ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याने जावाचं गामेलान ऐकलं आणि ते त्याच्या कानातून कधी गेलं नाही. ‘एस्तांप’ (१९०३) मधलं ‘पागोद’ पांढरी सातवरच्या भूपाच्या पाच स्वरांभोवती फिरतं. ‘ला फिय ओ शव्ह द लँ’ हे प्रेल्यूड काळी तीनला षड्ज मानून ऐकलं तर प, ग, सा, ध या उतरत्या स्वरांनी सुरू होतं. पण यात भूप ऐकायला बसू नये. रागाचं चलन इथे नाही, न्यासाचे नियम नाहीत, आणि पाच स्वरांच्या खाली मध्येच परके स्वर येऊन बसतात. सप्तक ओळखीचं आणि वागणं अनोळखी. या फरकाचा ज्याला त्रास होत नाही, उलट त्यात गंमत वाटते, त्याला देब्यूसी पुढे आयुष्यभर पुरतो.

‘प्रेल्यूद आ लाप्रे-मिदी दँ फोन’ (१८९४) ही ऑर्केस्ट्रासाठीची रचना याच कारणाने मी नव्या श्रोत्याला सर्वांत आधी सुचवतो. सुरुवातीला बासरी एकटी. काळी एकवरून ती पांढरी पाचपर्यंत घसरत येते, पुन्हा वर जाते. ना ताल ठरलेला, ना षड्ज. मग ही ओळ पुन्हा पुन्हा येते आणि दर खेपेला तिच्या खालची स्वरांची बैठक वेगळी असते. आपल्याकडे मुखडा तोच राहतो आणि मधला विस्तार बदलतो. इथे मुखडा तोच राहून जमीन बदलते. व्हिएन्नात संगीतकार शोएनबर्गच्या मंडळींनी १९२० साली ही रचना छोट्या वाद्यवृंदासाठी बसवली तेव्हा बेन्नो साक्सने केलेल्या मांडणीत हार्मोनियमही घेतली होती. ते ध्वनिमुद्रण मिळालं तर जरूर ऐकावं. आपल्या पेटीचा तोच श्वास, पण पाठीमागून स्वरांचा पडदा धरण्याच्या कामाला लावलेला.

देब्यूसीला ‘इम्प्रेशनिस्ट’ हा शिक्का आवडत नव्हता आणि त्याने १९०८ साली आपल्या प्रकाशकाला पत्रातून तसं कळवलंही होतं. तरी धूसर, स्वप्नाळू, पाण्यासारखं हीच विशेषणं त्याला चिकटली आणि त्यामुळे आवडीचं नुकसान झालं. लोक ‘क्लेर द ल्यून’ घेतात आणि तिथेच थांबतात. ‘ला मेर’ (१९०५) ऐकावं. समुद्रावरच्या या रचनेला सुरुवात झाली ती समुद्रापासून दूर, बर्गंडीतल्या एका खेड्यात, १९०३ साली. आठवणी प्रत्यक्षापेक्षा अधिक कामाच्या आहेत, असं त्याचं म्हणणं होतं. देशाच्या मध्यावर, झिरो माइलच्या गावात राहणाऱ्याने हे मनापासून स्वीकारावं. ‘ला मेर’मध्ये धूसर असं काही नाही. प्रत्येक वाद्याची जागा आखलेली आहे आणि लाटेच्या उठण्याला हिशेब आहे. त्याहून पुढे जायचं तर १९१५ साली, युद्धाच्या आणि कर्करोगाच्या दिवसांत लिहिलेले दोन सोनाटा: एक चेलो-पियानोचा, दुसरा बासरी, व्हायोला आणि हार्पचा. माझ्या मते देब्यूसीचं सर्वांत खोल काम इथे आहे. कमी स्वर, मोठे विराम, सजावट जवळपास नाहीच. आपल्याकडच्या बुजुर्ग गवयांचं उतारवयातलं गाणं ज्याला तरुणपणीच्या गाण्यापेक्षा जास्त आवडतं, त्याने थेट इथेच यावं.

‘बोलेरो’विषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण फ्रेंच संगीताची ती आपल्याकडची सर्वांत ओळखीची खूण आहे, आणि तिच्याकडे आपण तुच्छतेनेही पाहतो. १९२८ साली इदा रुबिनस्टाइनच्या नृत्यासाठी रावेलने ती केली. एक छोटा ड्रम दोन मात्राखंडांचा एकच बोल शेवटपर्यंत वाजवतो. वर एक लांब धून, तिचे दोन भाग, त्याच क्रमाने वाद्यांमधून फिरतात. बासरी, क्लॅरिनेट, बासून, सॅक्सोफोन, मग जोड्या, मग अख्खा वृंद. तबल्याच्या एकल वादनात लेहरा स्थिर असतो आणि तबला बदलत जातो. इथे लेहराही स्थिर, ठेकाही स्थिर, आणि बदलतो तो फक्त आवाजाचा रंग. आपल्याकडे चढत जायचं म्हणजे लय वाढवायची. रावेल लय वाढवू देत नाही. १९३० साली वाद्यवृंद-संचालक तोस्कानीनीने ती भरधाव वाजवली तेव्हा त्याच्याशी रावेलचा खटका उडाला होता. पाऊण घटका होत आलेली असते, षड्ज पांढरी एकवर घट्ट असतो, आणि मग अगदी शेवटी काही क्षणांसाठी षड्जच उचलून गंधारावर ठेवला जातो. लगेच परत, आणि सगळं कोसळतं. इतका वेळ एका षड्जावर बसलेल्या आपल्या कानाला तो धक्का युरोपीय श्रोत्यापेक्षा जास्त बसत असणार असं मला वाटतं. ‘बोलेरो’ला स्वस्त म्हणणाऱ्यांनी हा क्षण नीट ऐकलेला नसतो.

तरी रावेलची खरी ओळख म्हणून मी ती पुढे करणार नाही. त्यासाठी ‘ल तोंबो द कुपराँ’ आहे. पहिल्या महायुद्धात गेलेल्या मित्रांना एकेक भाग अर्पण केलेला, आणि तरी कुठेही रडवेपणा नाही. जुन्या नाचांचे नेटके बांधे. शिवाय जी मेजरमधल्या पियानो कंचेर्तोचा (१९३१) मधला भाग आहे. तिथे पियानो बराच वेळ एकटा बोलतो आणि त्याची ओळ संपता संपत नाही. विलंबित ख्यालाची गोडी असलेल्या माणसाला याहून सोपं दार नाही. देब्यूसीत तुटक सूचना असतात, रावेलमध्ये लांब, पूर्ण विणलेली ओळ असते. घराण्याचा अभिमान असावा तसे दोघांचे अनुयायी आजही भांडतात. मला स्वतःला देब्यूसी जवळचा वाटतो, पण थकलेल्या संध्याकाळी हात रावेलकडेच जातो.

सातीबद्दल थोडक्यात. ‘जिम्नोपेदी’ (१८८८) फार वाजून गेली आहेत. ‘ग्नोसिएन’ घ्यावीत. पहिल्या तिन्हींत मात्रांच्या उभ्या रेघाच नाहीत, त्यामुळे वादक आलापासारखा सैल वाजवू शकतो आणि चांगला वादक तसा वाजवतोही. फोरे हा रावेलचा गुरू. त्याची ‘रेक्विएम’ सुंदर आहे, पण त्याचं मन गाण्यांत आणि नॉक्टर्नांत आहे. व्हर्लेनच्या कवितांवरची त्याची गाणी भावगीतांवर प्रेम करणाऱ्याला आवडावीत अशी, फक्त अडचण एकच. आपण गाणं ऐकतो ते शब्द ऐकत. शब्द कळत नसले की आपला अर्धा जीव बाहेर राहतो. म्हणून फ्रेंच गाण्याला मी शेवटचा क्रमांक देतो, एक अपवाद सोडून, आणि तो पुढे येतोच.

आता भारताचं नाव घेऊन आलेल्या रचनांकडे. यांच्याविषयी आपल्याला सहज जिव्हाळा वाटतो, म्हणूनच इथे नीट पारखायला हवं. एकोणिसाव्या शतकातल्या मासनेचा ‘लाहोरचा राजा’ (१८७७) आणि दलीबची ‘लाक्मे’ (१८८३) यांत भारत हा रंगवलेला पडदा आहे, संगीत सगळं पॅरिसचं. विसाव्या शतकात चित्र बदललं, कारण संगीतकार स्वतः इथे आले.

आल्बेर रूसेल आधी फ्रेंच नौदलात अधिकारी होता. लग्नानंतर १९०९ साली तो पत्नीसह भारतात आला. मुंबईहून निघून त्याने वेरूळची लेणी पाहिली, पुढे राजस्थान आणि बनारस केलं. ‘एव्होकासियाँ’ ही तीन भागांची रचना १९१२ साली पॅरिसमध्ये वाजली. पहिला भाग म्हणजे लेण्यांच्या अंधारातले देव. महाराष्ट्राच्या मातीतून उठलेली ही बहुधा सर्वांत मोठी फ्रेंच ऑर्केस्ट्रा-रचना असावी, आणि आपल्याकडे तिचं नावही फारसं कोणाला ठाऊक नाही. रूसेलने रागांची नक्कल केली नाही. खालच्या वाद्यांचा गडद पोत, त्यातून उगवणारे आकार, आणि मध्येच अंगात आल्यासारखी लय. कैलास लेण्याच्या अंगणात दुपारी उभं राहिलेल्याला हा काळोख आणि ऊन ओळखता येईल. मिशेल प्लासाँने तुलूजच्या ऑर्केस्ट्राबरोबर केलेलं ध्वनिमुद्रण सहज मिळतं. चितोडच्या कथेवरचा रूसेलचा ऑपेरा-बॅले ‘पद्मावती’ (१९२३) मात्र मला असमान वाटतो. काही समूहगीतं अंगावर येतात, मधले प्रसंग लांबतात. २००८ साली पॅरिसच्या शातले थिएटरात संजय लीला भन्साळी यांनी तो बसवला होता. त्यांच्या ‘पद्मावत’ सिनेमाच्या दहा वर्षं आधीची ही गोष्ट.

मोरिस देलाज हा रावेलचा शिष्य आणि मित्र. तो १९१२ च्या सुमारास भारतात फिरला आणि परतताना ग्रामोफोनच्या तबकड्या घेऊन गेला. त्याची ‘कात्र पोएम एँदू’ ही चार गाणी १९१४ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये गायली गेली. त्यांना नावं मद्रास, लाहोर, बनारस, जयपूर अशी शहरांची. यांतल्या दोन गाण्यांचे शब्द भर्तृहरीचे आहेत. वामन पंडितांमुळे भर्तृहरीची शतकं मराठीच्या घरात तीनेकशे वर्षं नांदत आहेत, त्यामुळे फ्रेंच येत नसलं तरी आपण इथे अगदीच उपरे नसतो. मघाशी म्हटलेला अपवाद हाच. ‘लाहोर’मध्ये चेलो तारा छेडतो आणि बोट घसरवून मींड काढतो. त्यामागे सतारवादक इमदाद खाँ यांच्या तबकडीचा ठसा अभ्यासकांनी दाखवला आहे. गायिका एका टप्प्यावर शब्द सोडून देते आणि तोंड मिटूनही गाते. देलाजची ‘रागमालिका’ तर कोइमतूर ताई या दक्षिणी गायिकेच्या तबकडीवरून उभी राहिली. त्यात पियानोच्या एका तारेखाली पुठ्ठा सारून ढोलक्यासारखा नाद काढायला सांगितलं आहे. मींड पियानोवर येत नाही, हे त्याला कळलं होतं. म्हणूनच ज्या वाद्यांवर ती येते त्यांच्याकडे तो वळला. हा प्रामाणिकपणा मला भारतीय विषयांच्या सगळ्या रोषणाईपेक्षा मोठा वाटतो. जेनेट बेकरने मेलोस मंडळाबरोबर साठच्या दशकात केलेलं ध्वनिमुद्रण अजून कोणी मागे टाकलेलं नाही.

देब्यूसीचा भारताशी संबंध फार पातळ होता, पण होता. दुसऱ्या भागातल्या (१९१३) एका प्रेल्यूडचं नाव, चांदण्यातल्या दरबारी गच्चीचं, दिल्ली दरबाराच्या फ्रेंच वृत्तवर्णनातून आलेलं आहे. त्याच वर्षीच्या ‘खेळण्यांची पेटी’ या लहान मुलांच्या बॅलेत हत्ती येतो तेव्हा देब्यूसी टीप देतो: हे हत्ती माणसाळवण्यासाठीचं जुनं हिंदू गाणं आहे, पहाटे पाचच्या सप्तकातलं, पाच मात्रांचं. रागाला वेळ असते एवढं कोणीतरी त्याला सांगितलेलं दिसतं. गायकवाडांच्या बडोद्यात मौलाबक्षांच्या घरात वाढलेले इनायत खाँ त्याच सुमारास पॅरिसमध्ये गात होते आणि त्यांची देब्यूसीशी भेट झाल्याचं त्यांच्या चरित्रांत येतं. मात्र त्या हत्तीच्या गाण्यात ललित किंवा भटियार शोधायला जाऊ नये. तो एक हसरा तुकडा आहे, तेवढाच त्याचा आनंद.

खरा खोल धागा निघाला तो पुस्तकातून. वेरूळपासून दहा-पंधरा किलोमीटरवर देवगिरी. तिथे यादव राजा सिंघणाच्या दरबारी तेराव्या शतकात शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यांचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले, आणि ते स्वतः दरबारात हिशेबाच्या खात्याचे अधिकारी. ग्रंथाच्या तालाध्यायात १२० देशी तालांची यादी आहे. जोआनी ग्रोसे या फ्रेंच पंडिताने लाव्हिन्याकच्या संगीतकोशासाठी लिहिलेल्या भारतीय संगीतावरच्या लेखात ती छापली. तो भाग १९१३ साली निघाला. ती यादी फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँच्या हाती पडली आणि त्याचं लयीचं भानच बदललं. जर्मन युद्धबंद्यांच्या छावणीत त्याने ‘काळाच्या अंतासाठी चौकडी’ पूर्ण केली. तिचा पहिला प्रयोग १५ जानेवारी १९४१ रोजी गोर्लिट्झच्या छावणीतच झाला. पहिल्या भागात पियानोची लय रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या तीन देशी तालांची बनलेली आहे. सतरा कालखंडांची ही लय, आणि तिच्यावर एकोणतीस स्वरसमूहांची मालिका. सतरा आणि एकोणतीस यांचा मेळ बसायला इतका वेळ लागेल की तोवर तो भागच संपून जातो. देवगिरीचे ताल आहेत पण सम येत नाही. तालावर बोट मोजत ऐकणारा इथे हमखास वैतागतो, आणि मला त्याचा वैताग समजतो. पण मेसियाँला समेवर यायचंच नव्हतं. काळ थांबल्याचा भास त्याला हवा होता, आणि त्यासाठी तेराव्या शतकातल्या मराठी मुलखातलं गणित त्याने वापरलं. ‘संगीतरत्नाकरा’चा ग. ह. तारळेकर यांनी केलेला मराठी अनुवाद ज्यांच्या कपाटात आहे, त्यांनी तालाध्याय उघडून ही चौकडी ऐकावी. समृद्धी महामार्गाने नागपूरहून वेरूळ आणि देवगिरी आता एका दिवसात होतात. रूसेल आणि मेसियाँ यांच्या वाटा नकाशावर इतक्या जवळून जातात हे तिथे गेल्यावर वेगळंच जाणवतं.

ऐकायचं कसं, हा व्यवहाराचा भाग. मुंबईकरांना एनसीपीएमध्ये २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. त्याच्या किती तरी आधी, १९३५ साली, मेहली मेहता यांनी बॉम्बे सिम्फनी उभी केली होती. प्रा. बी. आर. देवधरांसारख्या हिंदुस्थानी संगीताच्या माणसाने स्क्रिंझी या इटालियन शिक्षकाकडे रीतसर पाश्चात्त्य संगीत शिकून घेतलं तेही मुंबईतच. नागपुरात पियानो चर्चमध्ये आणि कॉन्व्हेंट शाळांत राहिला. इथल्या कॅथलिक मिशनची मुळं फ्रान्समधल्या अनेसीच्या सेंट फ्रान्सिस द सेल्स संघात आहेत, पण तिथून आलं ते भक्तिसंगीत. आज गावातली मुलं ट्रिनिटीच्या परीक्षांसाठी साती, देब्यूसी वाजवतात आणि हीच खरी नवी वाट आहे. मुलाला परीक्षेच्या तुकड्यापलीकडचं घरी ऐकवावं. बाकी सगळं फोनवर आहे. फक्त फोनच्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नये, कारण त्यात खर्ज उरत नाही, आणि ‘व्वाल’मधून काळी पाच गेली तर मग राहिलं काय? पियानोसाठी गीझेकिंग किंवा मिकेलांजेली, रावेलसाठी त्याच्यापाशी प्रत्यक्ष बसलेला व्लादो पेर्लम्युतेर, ऑर्केस्ट्रासाठी आन्सेर्मे किंवा द्यूत्वा, एवढी नावं सुरुवातीला पुरेत.

आणि शेवटी ती रचना, जिच्यासाठी मुळात हा आढावा घ्यावासा वाटला. लिली बूलांजे १८९३ साली जन्मली, लहानपणापासून आजारी. १९१३ साली ‘प्री द रोम’ हा संगीतरचनेचा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. १५ मार्च १९१८ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी ती गेली. दहाच दिवसांनी देब्यूसी गेला. महायुद्धाच्या काळात बहीण नादियाबरोबर ती सैन्यात गेलेल्या संगीतकारांसाठी मदत-समिती चालवत होती. त्याच वर्षांत, १९१४ ते १९१७, तिने ‘व्हिएय प्रिएर बुदिक’ लिहिली, म्हणजे जुनी बौद्ध प्रार्थना. सुझान कार्पेलेस या विदुषीने फ्रेंचमध्ये आणलेला हा पाठ बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्गा’तला आहे. मैत्रीभावनेचा. जे जे श्वास घेतं ते वैराविना, अडथळ्याविना, दुःख ओलांडून आपल्या वाटेने मोकळेपणी जावो, अशी ती इच्छा. मग तीच इच्छा स्त्रियांसाठी, पुरुषांसाठी, आर्यांसाठी, अनार्यांसाठी, देवांसाठी, आणि जे पतित मानले गेले त्यांच्यासाठी, चारी दिशांना.

दीक्षाभूमीच्या शहरात हा पाठ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर इथल्या वस्त्यावस्त्यांतल्या विहारांत मैत्रीची हीच भावना पालीत म्हटली जाते. आणि या ग्रंथाशी मराठी माणसाचं नातं त्याहून जुनं आहे. गोव्याच्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १९१० साली हार्वर्डमध्ये ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनावर काम करू लागले. ती आवृत्ती १९५० साली, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. म्हणजे एक गोव्याचा पंडित अमेरिकेत ज्या पोथीचे पाठभेद लावू लागला होता, तिच्यातल्याच एका प्रकरणाला काही वर्षांतच पॅरिसमध्ये एक आजारी तरुणी चाल देत होती. दोघांना एकमेकांची खबर नसावी.

रचना जेमतेम आठ मिनिटांची. समूहाचा पाठ मोजक्या स्वरांत, एका लयीत पुढे सरकतो आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा येते. पौर्वात्य नक्षी जवळजवळ नाही, आणि हेच तिचं बळ. देलाजने आपले ध्वनी उचलले, रूसेलने आपली दृश्यं. लिलीने आपल्याकडून घेतला तो पाठाचा स्वभाव: एकाच वाक्याने हळूहळू सगळ्यांना सामावून घेण्याची रीत. मग बासरी येते, टेनर एकटा गातो, आणि समूह पुन्हा उभा राहतो तेव्हा त्याचा आवाज वाढलेला असतो. वंदनेला रोज बसणाऱ्या माणसाला या बांधणीत काही परकं वाटणार नाही असं मी खात्रीने म्हणतो. हार्मनी ठाऊक असण्याची तर मुळीच गरज नाही.

दोन ध्वनिमुद्रणं महत्त्वाची. नादियाचाच शिष्य ईगोर मार्केविचने १९६० च्या सुमारास लामुरो ऑर्केस्ट्रा आणि एलिझाबेत ब्रासरच्या गायकवृंदाबरोबर केलेलं जुनं, थोडं खरखरीत. जॉन एलियट गार्डिनरचं नवं, मॉन्टेवर्डी गायकवृंदासह, अतिशय स्वच्छ. गार्डिनरकडे प्रत्येक स्वर वेगळा दिसतो, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते सोयीचं आहे. मार्केविचचे गायक अधिक जाड आवाजात, एकमेकांत मिसळून गातात. प्रार्थना म्हणणारी माणसं तशीच गातात. विहारात स्पीकर लावून चार लोकांना ऐकवायचं झालं तर मी मार्केविचचंच लावेन.